तात्यांचं चॉकलेट, म्हस्कूचं माप

माणसं आधार कार्ड लॅमिनेट करतात, पोराची दहावीची मार्कशीट करतात, फार तर आमदारासोबत काढलेला फोटो करतात. अंथुर्ण्याच्या जयवंततात्यांनी पेपरातलं कात्रण लॅमिनेट करून आणलं. आणलं ते आणलं, वर देवघराशेजारच्या खिळ्याला कॅलेंडरच्या मानानं टांगलं. मथळा होता, ‘रोज दोन तुकडे काळं चॉकलेट, हृदय राहील ठणठणीत’. खाली कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचं नाव आणि पांढरा डगला घातलेल्या एका बाईचा फोटो. बाई चॉकलेटकडे बघून अशी हसत होती, की तिला कधी कुणी साखर बंद केली नसावी.

"ह्ये काय आनलं?" सिंधुबाईंनी पदराला हात पुसत विचारलं.

"संशोधन," तात्या म्हणाले, आणि प्रयोगशाळेतून आत्ताच सुटी होऊन आल्यासारखे पलंगावर टेकले.

आता यात तात्यांचा फार दोष काढता येत नाही. दोन वर्षांपूर्वी बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांच्या काळजात स्प्रिंग बसवली. पाठोपाठ रक्तातली साखर वर सरकायला लागली आणि घरातली साखर सिंधुबाईंच्या ताब्यात गेली. चौफेर ऊस, कारखान्याचे सभासद, दिवाळीला सभासदांची स्वस्तातली साखर घरपोच, आणि तात्यांच्या कपातला चहा मात्र नुसतं लाल पाणी. पुरणाच्या दिवशी त्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि समोरच्या ताटात पोळी. गोडाचा नाद असलेल्या माणसाचे याहून वाईट हाल काय करायचे असतात? तेव्हा पेपरानंच चॉकलेट खा म्हटल्यावर तात्यांना देव पावल्यासारखं झालं.

सिंधुबाईंना मात्र देव पावल्याचं काही दिसेना. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून काढलेला तो दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून अजून हलला नव्हता. पण त्या आपल्या भीतीबद्दल बोलायच्या नाहीत. भीती वाटली की त्या रागवायच्या, आणि त्या रागावल्या की तात्यांना वाटायचं, हिला माझं सुख बघवत नाही.

तात्या काही असातसा माणूस नव्हता. गावच्या दूध डेअरीत उभी हयात त्यांनी फॅट काढण्यात घालवली. दुधात स्निग्धांश किती, त्यावर दुधाचा भाव, आणि तो मोजायचा म्हणजे फॅट काढायची. या कामात तात्यांचे दोन कायदे होते, आणि ते कुणासाठीही मोडायचे नाहीत. पहिला, कॅन आधी तळापर्यंत ढवळायचं, मगच नमुना काढायचा. साय वर येते. वरचं वर नमुना घेतला तर पातळ दुधालाही मोठेपणा येतो. दुसरा कायदा त्यांच्या तोंडी सुविचारासारखा असायचा. "दूध ज्याचं, त्यानं मापाला हात लावायचा न्हाय." मग आकडा आला की तो सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असा खणखणीत पुकारायचा. कमी असो, जास्त असो, आवाज एकच.

या कायद्यानं खुद्द घरालाही सोडलं नव्हतं. सिंधुबाईंनी एकदा नवी म्हैस घेतली. गावभर तिचं कौतुक सांगून झालं आणि मग स्वतः कॅन घेऊन डेअरीत आल्या. तात्यांनी माप खाली ठेवलं आणि लाइनीतल्या म्हस्कूला हाक मारली. "हे माझ्या घरचं दूध हाय. तू काढ नमुना." म्हस्कूनं काढला. फॅट आली अगदीच बेताची. तात्यांनी ती त्याच आवाजात पुकारली. त्यानंतर कितीतरी दिवस तात्यांच्या भाजीत मीठ नव्हतं, आणि तात्यांची ते मागायची हिंमत नव्हती.

म्हस्कूशी त्यांचं नातं आणखी वेगळं. बालपणापासूनचा दोस्त, एकाच पारावरचा. पण एके वर्षी म्हस्कूच्या दुधात पाणी निघालं. "रातच्याला झाकण उघडं ऱ्हायलं, पाऊस आला," म्हस्कू म्हणाला. तात्यांनी आभाळाकडे बघितलं, मग कॅनकडे बघितलं, आणि ‘पाणी’ असं पुकारून दूध परत केलं. तेव्हापासून दोघं बसायचे एकाच पारावर, पण मधे एका माणसाची जागा रिकामी ठेवून.

तर असा हा मापाचा माणूस चॉकलेटपुढे घसरला.

घसरण सुरू झाली ती अगदी शास्त्रोक्त. कात्रणात काळं चॉकलेट म्हटलं होतं, म्हणून लखननं खास बारामतीहून काळं चॉकलेट मागवलं. लखनचं स्टँडजवळ दुकान. किराणा, झेरॉक्स, रिचार्ज, लॅमिनेशन आणि थंड पेयांचा फ्रिज, सगळं एकाच छपराखाली. तात्यांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि कारल्याच्या बिया चावल्यासारखा चेहरा केला.

"कडू हाय रं!"

"औषध कडूच असतंय, तात्या," लखन म्हणाला. मग इकडंतिकडं बघून त्यानं फ्रिजमधून दुसरं काढलं. "ह्ये घ्या. ह्ये तांबडं. झाड येकच, रंग निराळा."

झाड एकच म्हटल्यावर तात्यांचा प्रश्न मिटला. तांबड्यानंतर बदामाचं आलं. बदाम हृदयाला चांगला, हे तर आजीबाईपण सांगतात. त्यानंतर आत कुरकुरीत बिस्किट असलेलं आलं. बिस्किट म्हणजे गहू, आणि गहू तर माणूस रोजच खातो. महिन्याभरात तात्या अशा ठिकाणी येऊन पोचले, की तिथून ते कात्रण दुर्बिणीतूनही दिसलं नसतं. पण भिंतीवर ते होतं, आणि सिंधुबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं की तात्या नुसतं तिकडे बोट करायचे.

शनिवारी नात आली. संस्कृती बारामतीला फूड टेक्नॉलॉजी शिकते, खोली घेऊन राहते आणि शनिवारी एसटीनं घरी येते. हातपाय धुऊन आत आली तर तिला देवाच्या आधी पांढऱ्या डगल्यातल्या बाईचं दर्शन झालं. तिनं कात्रण वाचलं, मोबाइल काढला आणि जेवणापर्यंत ती त्यातच डोकं घालून बसली.

"तात्या, हे मूळ संशोधन सापडलं. ह्याला पैसे कुणी दिलेत माहितेय?"

"सरकारनं दिलं आसतील."

"चॉकलेटच्या कंपनीनं. शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय."

तात्यांचा घास क्षणभर थांबला. मग ते म्हणाले, "दिलं तर दिलं. चांगल्या कामाला पैसा लावला, त्यात काय वाईट केलं? शास्त्रज्ञ लबाड हाय म्हणतीस का तू?"

"लबाड कशाला असेल? आकडे खरेच असतील. पण ऐका ना. त्यांनी लोकांना चॉकलेट दिलंच नव्हतं. कोकोच्या अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यात ना साखर, ना दूध. गोळ्यांनी रक्तवाहिन्या थोड्या सैल पडल्या, एवढंच निघालं. आता रोज चॉकलेट खाल्लं तर तुमच्यासारख्याच्या शुगरचं काय होतं, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. कंपनी कशाला विचारील? जो प्रश्न तिच्या सोयीचा, त्यालाच पैसा. आणि पेपरवाल्यानं गोळीचं चॉकलेट केलं."

तात्यांना हे लगेच कळलं. अगदी नको इतकं लगेच कळलं. न ढवळता वरून काढलेला नमुना. दूध खरं, माप खरं, आकडाही खरा, आणि तरी सगळं खोटं. हयातभर त्यांनी हीच चलाखी लाइनीत उभ्या उभ्या पकडली होती. पण खिशात बदामाचं चॉकलेट असताना माणसाला कळलेलं सगळं बोलता येतंच असं नाही.

"मग चॉकलेटच्या संशोधनाला पैसं काय कारलं पिकवनारा देनार हाय का?" ते गरजले.

"तेच तर म्हणतेय मी," संस्कृती हसली.

सिंधुबाई चुलीपाशी बसून एवढा वेळ नुसत्या ऐकत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अवो, त्या कागदाला पिलॅष्टिक चढवायचं लखननं काय घेतलं?"

"काय न्हाय घेतलं. फुकाट दिलं करून. गुनी पोरगं हाय."

आजी-नातीची नजरानजर झाली. संस्कृतीला ठसका लागला. ती म्हणाली, "तात्या, मी आत्ता एसटीतून उतरले तेव्हा लखनकाकाच्या फ्रिजवर ह्याचीच मोठी झेरॉक्स चिकटवलेली बघितली. खाली लिहिलंय, ‘जयवंततात्याही खातात’."

घरात हसण्याचा असा काही स्फोट झाला, की दावणीची म्हैस उठून उभी राहिली. तात्या मात्र ताटावरून उठले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातीसमोर, एका किराणा दुकानदारापायी आपली फजिती व्हावी हे त्यांना लागलं. दारात उभं राहून ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तुमचं पेपर आन मोबाइल. माझी साखर माझ्या मशीनवर रोज बघतोय मी. तिच्यापेक्षा मोठं संशोधन कंचं? बारामतीच्या डॉक्टरला म्होरल्या महिन्यात दाखवू, मग बोला."

हे मशीन संस्कृतीनंच त्यांना आणून दिलं होतं. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, आकडा येतो. आणि तात्या रोज सकाळी अंगणात बसून मोजायचे हेही खरं. आकडा आला की डेअरीतल्या आवाजात घराला पुकारायचे, "येकशे बारा!" "येकशे आठ!" ऐकून शेजारच्यांनाही तात्यांची तब्येत कळायची.

आता खरं काय ते सांगतो, कारण तात्या सांगणार नाहीत. ज्या दिवशी आकडा मनासारखा आला नाही, त्या दिवशी तात्यांना पट्टी दमट झालेली वाटायची. कधी बोट नीट धुतलेलं नसायचं. कधी मशीनची बॅटरी उतरलेली असायची. तेव्हा तो आकडा ते धरायचे नाहीत. आणि पुकारायच्या आदल्या संध्याकाळी त्यांना हटकून भूक नसायची. "नुसतं ताक दे, पोट जड हाय," म्हणायचे. यात आपण काही चोरी करतो आहोत असं त्यांना मनापासून वाटत नव्हतं. खराब नमुना टाकूनच द्यायचा असतो, हे तर डेअरीतही होतंच. फक्त डेअरीत नमुना खराब आहे की नाही हे दुधाचा मालक ठरवत नसे, एवढी बारीकशी गोष्ट त्यांच्या ध्यानातून निसटली होती.

सिंधुबाईंच्या ध्यानातून ती निसटली नाही. संस्कृती बारामतीला गेल्यावर त्या सकाळी गोठ्यात धार काढता काढता कान देऊन बसू लागल्या. त्यांना जे ऐकू आलं त्यापेक्षा जे ऐकू आलं नाही, त्यानं त्या चरकल्या. काही सकाळी पुकारा यायचा आणि काही सकाळी अंगणात नुसतं गपगार. तात्या बसलेले असायचे, मशीन मांडीवर असायचं, बोटाला कापूस लावलेला असायचा, आणि आवाज नसायचा. एका अशाच गपगार सकाळी त्या धारेची किटली घेऊन थेट त्यांच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"आज का वरडला न्हाय?"

"पट्टी खराब निघाली."

"दूध कुनाचं हाय?"

"आं?"

"दूध कुनाचं हाय म्हनलं? आन माप कुनाच्या हातात हाय?"

तात्यांनी मशीन मांडीवरून खाली ठेवलं. त्यांचाच कायदा त्यांच्याच अंगणात, बायकोच्या तोंडून, हातात दुधाची किटली घेऊन उभा होता. असा वार परतवायचा कसा हे कुणाला ठाऊक असतं?

"मग तू मोज," शेवटी ते म्हणाले. "पर तुजंबी खरं धरायचं कसं? तुला तर आकडा मोठाच यायला पायजे. म्हंजी चॉकलेट बंद."

हे त्यांनी बोलायला नको होतं. सिंधुबाईंनी किटली खाली ठेवली. पदर खोचून त्या म्हणाल्या, "बरं. मी न्हाय, तुमीबी न्हाय. तिसरा मानूस काढंल. डेरीत, लाइनीम्होरं. जसं माझं दूध काढलं हुतं तसं."

"तिसरा कोन?"

"म्हस्कूभावजी."

तात्या पेचात पडले. नाही म्हणावं, तर सगळ्या हयातीचा कायदा खोटा पडणार. गावात तात्यांजवळ दुसरं काय होतं? जमीन बेताची, शेअर बेताचे. पण ‘तात्यांनी काढलेली फॅट’ म्हटलं की पणदऱ्यापर्यंतचे लोक मान डोलवायचे. हो म्हणावं, तर चॉकलेटही जाणार आणि म्हस्कू ते गावभर करणार. तात्यांनी हो म्हटलं, आणि त्या दिवशी खिशात चॉकलेट असून ते खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीपुढं नेहमीपेक्षा लांब लाइन होती. बातमी लखनच्या दुकानातून फुटली होती, तेव्हा ज्यांच्या घरी गाभण म्हैस होती आणि घालायला दूध नव्हतं, तेही रिकामी किटली घेऊन आले होते. तात्या कुणाकडे न बघता खुर्चीवर बसले. उभी हयात फॅट काढली ती हीच खुर्ची, फक्त आज ते मापाच्या दुसऱ्या बाजूला होते. सिंधुबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ते सारखं सोडत आणि गुंडाळत होत्या.

म्हस्कूनं आधी तात्यांचं बोट स्वतः साबणानं धुतलं, पुसलं. पट्टी नव्या डबीतून काढली आणि ती फोडताना लाइनीला दाखवली. "बघा रं, नवी हाय. मागनं दमट म्हनायचं न्हाय," तो म्हणाला आणि लाइन खिदळली. मग तात्यांकडे वळून हळूच म्हणाला, "ढवळू का तुला आधी, जयवंता?"

"गप काढ," तात्या म्हणाले.

टोचलं. थेंब आला. पट्टीला लागला. मशीननं आपला वेळ घेतला, आणि तेवढ्या वेळात डेअरीपुढच्या कावळ्यांची कावकावसुद्धा मोठी वाटायला लागली. आकडा आला. म्हस्कूनं तो वाचला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा ओसरलं. त्यानं खांबाकडे बघितलं, मग खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. त्याचे कान लाल झाले होते, आणि शाळेत छडीसाठी हात पुढे करावा तसा त्याचा हात पुढे होता.

म्हस्कूनं मशीन छातीशी धरलं आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "येकशे धा!"

लाइनीत जल्लोष झाला. लखननं तर टाळीच वाजवली. कुणी म्हणालं, "तात्यांचं संशोधन खरं निघालं." कुणी म्हणालं, "आता आमालाबी द्या येक येक." तात्यांच्या खिशात बदामाचं चॉकलेट होतं. त्यांनी उठायचं, खिशातून ते काढायचं, सिंधुबाईंपुढं कागद सोलायचा आणि घरापर्यंत खात जायचं, एवढंच आता उरलं होतं.

पण मशीन छातीशी धरायच्या आधी ते क्षणभर तिरपं झालं होतं. आणि हयातभर मापाची नळी दुरून, उलटी, तिरपी, कशीही वाचलेल्या डोळ्यांना तेवढा क्षण पुरला होता.

तात्या उठले नाहीत. मग त्यांनी लाइनीकडे तोंड केलं आणि त्यांचा तो जुना, सगळ्यांना ओळखीचा आवाज डेअरीच्या पत्र्यावर जाऊन आदळला.

"दोनशे चार!"

म्हस्कूनं मान खाली घातली.

"भावजी," सिंधुबाई खांबापासून पुढं आल्या, "तुमी खोटं का बोलला?"

म्हस्कूनं मशीन तात्यांच्या मांडीवर ठेवलं. मग तो बोलला. "वयनी, माझ्या दुधात पानी निघालं तवा लाइनीत माझा नवा जावई हुता. पानी हुतंच. पाऊस न्हवता. पर त्या दिशी मला लय वाटलं, की आपला दोस्त हाय, येवढं येक बार ह्यानं खोटं बोलावं. न्हाय बोलला. आज म्हनलं, आपुन बोलून दाखवावं. दोस्तासाठी कसं बोलत्यात ते."

एवढ्या वर्षांत ही गोष्ट कुणी बोललं नव्हतं. तात्यांना म्हस्कूच्या तोंडाकडे बघवेना. जावई तिथं होता हे त्यांना तेव्हाही दिसलं होतं, आणि तरी त्यांनी आवाज एक पट्टीसुद्धा खाली आणला नव्हता. त्याचा त्यांना तेव्हा अभिमान वाटला होता. आत्ता वाटत नव्हता.

"मला खोटं बोलता आलं नसतं, म्हस्कू," ते म्हणाले. "पर हळू बोलता आलं असतं."

म्हस्कूनं नाक ओढलं आणि धोतराच्या सोग्याला हात पुसले. लाइन पुढे सरकली. दूध काही कुणासाठी थांबत नाही.

घरी जाताना तात्या पुढं आणि सिंधुबाई मागं, असे दोघं उसाच्या कडेनं चालले होते. तात्या वाट बघत होते, आता ही बोलेल. ‘बघा, मी म्हनलं न्हवतं?’ म्हणेल. त्या नवीन म्हशीचाही हिशेब आज चुकता होईल. मागून काहीच आवाज येईना तेव्हा ते थांबले आणि वळले. सिंधुबाई रडत होत्या. चालता चालता, पदर तोंडाला लावून, बांधावरच्या बायकांना दिसू नये अशा बेतानं रडत होत्या.

"अगं, जिकलीस की तू! रडतीस कशाला?"

"जिकली?" सिंधुबाई म्हणाल्या, आणि मग इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. "त्या कंपनीनं तिच्या फायद्याचं सांगितलं. लखननं त्याच्या फायद्याचं सांगितलं. तुमी रोज सकाळी उठून तुमच्या फायद्याचं वरडत हुता. आन मला म्हनला, तुला आकडा मोठाच पायजे. माझा कशात फायदा हाय, ते येकदा तरी इचारलं का? तुमी संध्याकाळी वसरीवर बसल्यालं दिसावं, येवढाच माझा फायदा हाय. दवाखान्यात त्या दिशी वसरी मोकळी दिसत हुती मला. मला भ्या वाटतंय वो."

तात्यांनी खिशातलं चॉकलेट काढलं. उन्हानं आणि अंगाच्या उबेनं त्याचा पार लगदा झाला होता. त्यांनी ते सिंधुबाईंच्या हातावर ठेवलं आणि तो हात तसाच आपल्या हातात धरून ठेवला. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तरी त्यांनी तो सोडला नाही.

मग ते बारामतीला महिन्याची वाट न बघता त्याच आठवड्यात गेले. डॉक्टरांनी गोळी वाढवली, चॉकलेटचं ऐकून कपाळाला हात लावला, आणि पथ्य पाळलं, आकडे सुधारले तर मग काळं, कडू, नखाएवढं, कधीमधी, असं मोघम काहीतरी म्हणाले. कडू म्हटल्यावर तात्यांनी पुढचं ऐकलं नाही. भिंतीवरचं कात्रण सिंधुबाईंनी उतरवलं, पण टाकलं नाही. विरजणाच्या भांड्यावर ते बरोबर बसतं आणि लॅमिनेशन असल्यानं ओलंही होत नाही. लखनचं काम पक्कं. पांढऱ्या डगल्यातली बाई आता दह्यावर हसत असते.

मापाचा कायदा मात्र पुन्हा चालू झाला. रोज सकाळी म्हस्कू अंगणात येतो. बोट धुतो, पट्टी फोडतो, टोचतो. आकडा आला की खाली वाकून तो तात्यांच्या कानात सांगतो, शेजारच्यालाही कळणार नाही इतका हळू.

"मला आयकू न्हाय आलं," आतून सिंधुबाई ओरडतात.

मग तात्या मान ताठ करतात आणि जो काय असेल तो आकडा अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा पुकारतात. तेवढ्यात आत चहाला उकळी येते. कप तीन असतात आणि साखर एकातही नसते. पाहुण्यालाही नाही का, असं म्हस्कू रोज विचारतो.